फिडलच्या पाठीशी ड्रम कशाला?

रॉलीकर (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. ब्लूग्रास या अमेरिकन संगीतात ड्रमसेट आणि लूप (यंत्रावर सतत फिरणारा तयार ठेका) घालून जे हल्ली 'ताजं' म्हणून खपवलं जातंय, त्यात सगळ्यात आधी बळी जातो फिडलचा, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनचा. बँजो तगतो, त्याचा टणत्कार कुठल्याही गोंगाटातून वर येतो. गाणारा तगतो, माईक त्याच्या तोंडाशीच असतो. फिडलवाल्याने मात्र दोन कडव्यांच्या मध्ये एक लकेर मारायची आणि उरलेला वेळ मान डोलवत उभं राहायचं. परवा इथल्या (रॉली, नॉर्थ कॅरोलायना) एका मैदानात असाच एक तरुण बँड ऐकला. पोरगी फिडल अप्रतिम वाजवत होती, हे तिच्या हाताकडे बघून कळत होतं. ऐकून कळत नव्हतं.

ज्यांचा या संगीताशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंटकीचा बिल मनरो मॅन्डोलिन वाजवायचा आणि उंच पट्टीत गायचा. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ओप्री' या रेडिओ कार्यक्रमात आला. १९४५ च्या डिसेंबरात त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये अर्ल स्क्रग्ज हा बँजोवाला दाखल झाला आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत जो आवाज घडला त्यालाच नंतर लोक ब्लूग्रास म्हणू लागले. मॅन्डोलिन, बँजो, गिटार, फिडल आणि उभा बास. पाचही तंतुवाद्यं, तालवाद्य एकही नाही.

म्हणून ताल कमी पडतो का? अजिबात नाही, तो पाच जणांत वाटलेला असतो. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. मॅन्डोलिनवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तारा छेडतो आणि डाव्या हाताचा दाब तिथल्या तिथे सोडतो, म्हणजे सूर लांबत नाही, नुसता 'चक्' असा ठोका पडतो. गिटार मधल्या फटी भरतं. आणि फिडलवाला गजाने शफल करतो: एक लांब ओढ, दोन तुटक, पुन्हा एक लांब. त्या तुटक ओढींवरचं वजन नेमकं मॅन्डोलिनच्या 'चक्'वर येऊन पडतं. मॅन्डोलिनवाला ब्रेक (म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा) घ्यायला पुढे सरकला की त्याचा ठोका दुसरा कुणीतरी न सांगता उचलतो. हे सगळं एकमेकांकडे कान ठेवून चालतं.

आता तिथे ड्रमर आणून बसवा. 'चक्'चं काम स्नेअर (ड्रमसेटमधला कडक वाजणारा ड्रम) करणार, बासचं काम किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) करणार. मग मॅन्डोलिन आणि फिडल उरतात शोभेला. दुसरं म्हणजे सूर. डोंगराकडच्या जुन्या फिडलवाल्यांचा (टॉमी जॅरेल ऐका, इथून जवळच्या माउंट एअरी भागातले, १९८५ मध्ये गेले) गंधार बऱ्याचदा ना शुद्ध ना कोमल, मधेच कुठेतरी लागतो. शेजारी कीबोर्ड उभा केला की ती जागा बुजली. तिथे फिडलवाल्याला पट्टीच्या सुरावर यावंच लागतं, नाहीतर तो बेसूर ठरतो.

नवीन गाणी करा, नवे विषय आणा, माझी ना नाही. ड्रमसेट नको, एवढंच. बोला.

उनाड_पप्पू

मी 'बँजो' वाचून गणपतीच्या मिरवणुकीचा धागा समजून आत शिरलो. इथेपण आवाज कमी करा म्हणणारे काका आहेतच. येतो मी. (ह.घ्या.)

डावखुरी

काका (वयाचा अंदाज चुकला असेल तर सोडून द्या), तुमचा ताल वाटून घेण्याचा मुद्दा वाचायला छान आहे, पण त्याच्या मागे जो 'मूळ' ब्लूग्रास तुम्ही उभा केलाय तो इतका सोवळ्यात कधी नव्हताच.

मनरोच्याच बँडमध्ये १९४३ ते ४६ अकॉर्डियन होतं, सॅली ॲन फॉरेस्टर वाजवायच्या. आईवडील लवकर गेल्यावर मनरो ज्या पेन मामाकडे राहिला, तो नाचाच्या कार्यक्रमांत फिडल वाजवायचा. तिथून आल्या जुन्या नाचाच्या धुना. त्याच भागात आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक होता. पोरवयात मनरो त्याच्यासोबत नाचांना वाजवायला जायचा; तिथून आला ब्लूज. म्हणजे ज्याला तुम्ही परंपरा म्हणता तो एका माणसाने पस्तिशीच्या आत शिजवलेला मिश्र प्रकार आहे, आणि तोही रेडिओच्या जमान्यातला. वयाने तो आपल्या बोलपटापेक्षा लहान.

आणि मनरोची स्वतःची वागणूक बघा ना. 'ब्लू मून ऑफ केंटकी' त्याने १९४६ मध्ये संथ वॉल्ट्झमध्ये, तीन मात्रांत रेकॉर्ड केलं. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने ते चार मात्रांत पळवलं. मनरोने काय केलं? त्याच वर्षी पुन्हा रेकॉर्ड केलं. सुरुवात वॉल्ट्झमध्ये आणि मध्यावर उडी मारून चार मात्रांत. बापाची हरकत नव्हती, चुलत्यांची आहे.

राहिला स्क्रग्ज. तुमच्या पाच वाद्यांतला सगळ्यात मोठा मोहरा. १९६९ मध्ये लेस्टर फ्लॅट या गिटारवाल्या जोडीदाराशी फारकत घेतली आणि स्वतःच्या मुलांना घेऊन 'अर्ल स्क्रग्ज रेव्ह्यू' काढला. इलेक्ट्रिक वाद्यं आणि हो, ड्रमसुद्धा. ज्याने घर बांधलं त्यानेच भिंत पाडली. आता आपण बाहेर उभं राहून भिंत कुठे होती ते दाखवतोय.

कोपरा_नं_३

धागाकर्त्याशी सहमत. मिसळल्याशिवाय नवी पिढी ऐकत नाही, हे तुणतुणं आधी बंद व्हायला हवं. २००० साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट आला. त्याच्या संगीतात सगळा भर जुन्या वळणाच्या गाण्यांवर आणि बिनविजेच्या वाद्यांवर. राल्फ स्टॅन्ली, ब्लूग्रासचे जुने गायक, तेव्हा सत्तरी ओलांडलेले, एकटे, कुठलीही साथ न घेता मृत्यूची विनवणी करणारं गाणं गातात. तो अल्बम लाखोंनी खपला आणि २००२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी घेऊन गेला. सगळ्या पॉप आणि रॉकवाल्यांना मागे टाकून. कुणाला रिमिक्स करावा लागला नाही.

डावखुरी

@कोपरा: त्याच चित्रपटात जॉर्ज क्लूनीसाठी गायलेला आवाज कुणाचा? डॅन टिमिन्स्कीचा. अस्सल ब्लूग्रास गायक. आणि २०१३ मध्ये अविची या स्वीडिश डीजेच्या 'हे ब्रदर'मध्ये आवाज कुणाचा? त्याचाच. गळा एकच, ठेका वेगळा. दुसऱ्या गाण्यामुळे पहिलं गाणं नासलं असं मला तरी वाटत नाही.

कोपरा_नं_३

गळा टिकतो हे धागाकर्त्यानेच लिहिलंय. प्रश्न फिडलचा आहे. 'हे ब्रदर'मध्ये फिडल शोधून दाखवा.

उनाड_पप्पू

परत आलो. फिडल आणि डिस्को बीटचा विषय निघालाय आणि 'कॉटन आय जो'चं नाव कुणी काढलं नाही? शाळेच्या गॅदरिंगमध्ये काउबॉय टोप्या घालून नाचलोय त्यावर. ती टोपी अजून आईने जपून ठेवलीये.

रॉलीकर (धागाकर्ता)

पप्पूशेठ, तुम्ही गंमतीत माझंच उदाहरण दिलंत. जुनं दक्षिणेतलं लोकगीत, नव्वदच्या दशकात रेडनेक्स नावाच्या स्वीडिश मंडळींनी केलं. त्यात फिडलचा एकच तुकडा गोल गोल फिरत राहतो. खऱ्या फिडलवाल्याने तोच तुकडा दुसऱ्यांदा तसाच वाजवला तर शेजारचा विचारेल, बरं वाटत नाहीये का.

@डावखुरी: अकॉर्डियन आलं आणि गेलं. मनरोने ते पुढे ठेवलं नाही. प्रयोग करून टाकून देणं हाही निर्णयच असतो. १९५४ च्या उदाहरणात लय बदलली, वाद्यांचं काम बदललं नाही. चार मात्रांतही फिडल तिथेच आहे, किंबहुना तिघं तिघं फिडल वाजवतायत. स्क्रग्जचं म्हणाल, तर लोक त्याचं नाव घेतात ते १९४९ च्या 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'साठी. रेव्ह्यूची रेकॉर्ड आज कोण लावतं?

गजवेल

मी पुण्यात व्हायोलिन शिकले, आता शार्लटजवळ राहते आणि इथल्या जॅममध्ये (वर्तुळ करून एकत्र वाजवायची बैठक) अधूनमधून बसते. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतंय, पण दोन्ही बाजू वाद्य हातात न घेता बोलतायत असंही वाटतंय.

आधी सुरांचं. इथले जुन्या वळणाचे फिडलवाले बऱ्याच धुनांसाठी वाद्य वेगळं लावतात. नेहमीचं जी-डी-ए-ई सोडून खालच्या दोन तारा चढवायच्या आणि ए-ई-ए-ई करायचं. आपल्या भाषेत सा-प-सा-प. कर्नाटक पद्धतीत व्हायोलिन असंच लावतात, त्यामुळे मला पहिल्या दिवशी घरी आल्यासारखं झालं. यात एका तारेवर धून आणि शेजारची मोकळी तार सतत बोलत राहते. पूल (तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) थोडा सपाट घासलेला असला की दोन तारांवर गज टेकवायला कष्ट पडत नाहीत. ही मागची गुंज मात्र ड्रमपेक्षा इलेक्ट्रिक बास खातो, कारण बासचे सूर बदलले की मोकळी तार मधेच परकी वाटायला लागते. तेव्हा रॉलीकर, तुमचा आरोपी चुकीचा आहे. ड्रमला सूर नसतो, तो गंधाराचं काही वाकडं करत नाही.

आता ठेक्याचं. तुम्ही मॅन्डोलिनच्या चॉपचं (तुमच्या त्या 'चक्'चं) वर्णन केलंत, फिडलच्या चॉपचं राहिलं. गजाचा मुठीकडचा भाग तारेवर वरून पाडायचा, ओढायचा नाही. केस तारेत रुततात आणि कोरडा 'खर्र' उमटतो. उचलताना दुसरा, जरा चढा आवाज निघतो. ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी ब्रशने स्नेअर वाजवतंय. हे 'परंपरेत' नव्हतं. साठच्या दशकात रिचर्ड ग्रीन नावाच्या पोराने सुरू केलं, आणि कुठे? मनरोच्याच बँडमध्ये. पुढे डॅरल अँगरने ते जॅझमध्ये आणि टर्टल आयलंड स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये नेलं, त्यात भर घातली. आज स्कॉटिश फिडलवाल्या ॲलास्डेर फ्रेझरच्या साथीला नॅटली हास चेलोवर तोच चॉप करते. म्हणजे फिडलने ड्रम आतच घेतलाय. बाहेरच्याला हाकलून काय उपयोग?

(पहिले काही महिने माझ्या गजाचे केस किती तुटले विचारू नका. पुण्यातल्या सरांनी पाहिलं असतं तर वाद्य काढून घेतलं असतं.)

रॉलीकर (धागाकर्ता)

गजवेलताई, उत्तम प्रतिसाद, पण तुम्ही माझ्याच पारड्यात वजन टाकलंत! ग्रीनला चॉप सुचला कारण बँडमध्ये ड्रमर नव्हता. ठेका देणारं कुणी नाही, मॅन्डोलिनवाला स्वतः गातोय, मग फिडलवाल्याने गजातून ठेका काढला. ड्रमर बसलेला असता तर गरजच पडली नसती. जागा मोकळी होती म्हणून शोध लागला. हीच तर माझी तक्रार आहे की ती जागा भरून टाकू नका.

आणि बिली स्ट्रिंग्ज घ्या. मिशिगनचा पोरगा, १९९२ चा जन्म, आज मोठमोठी स्टेडियमं भरवतो. हेवी मेटल ऐकून वाढलाय, गिटारला पायाखालचे पेडल लावून वीस-वीस मिनिटं अवकाशात फिरून येतो. मला ते पूर्ण मान्य आहे. का? त्याच्या बँडमध्ये ड्रमर नाही. बास, बँजो, मॅन्डोलिन, फिडल, गिटार. फिडलवर ॲलेक्स हारग्रीव्ह्ज आहे, जॅझमधून आलेला, आणि त्याची प्रत्येक ओढ ऐकू येते. वीस हजार माणसं ड्रमशिवाय नाचू शकतात हे सिद्ध झालंय.

डावखुरी

म्हणजे विजेचे पेडल चालतील, मेटल चालेल, जॅझ चालेल, स्टेडियम चालेल. फक्त कातडं ताणलेलं वाद्य चालणार नाही. हे शास्त्र कुठलं?

नदीकाठ

डावखुरीने शेवटी विचारलेला प्रश्न विनोदाने सोडून देण्यासारखा नाही. कातडं ताणलेल्या वाद्याला त्या भूमीवर एक इतिहास आहे.

१७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत, लोकांना गोळा करत. पुढच्याच वर्षी तिथे जो कायदा झाला त्यात गुलामांना ढोल आणि शिंगं वाजवायला बंदी घातली. ब्लूग्रासमध्ये ड्रम नाही तो थेट याच कायद्यामुळे असा दावा मी करत नाही, मधे दोनशे वर्षं गेलीत. पण ज्या बँजोवर तुमचा सगळा डोलारा उभा आहे तो पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून केलेल्या वाद्यांचा वंशज आहे. बँजोचं तोंड म्हणजे ढोलच आहे हो! त्याला दांडी आणि तारा लावल्या म्हणून तो सोवळ्यात आला का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दक्षिणेत फिडल-बँजोच्या जोड्या काळ्या आणि गोऱ्या दोघांच्याही होत्या, धुनाही सामायिक. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दुकानदारीसाठी दोन कप्पे केले: काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. फिडल दुसऱ्या कप्प्यात पडलं आणि काळे फिडलवाले रेकॉर्डवरून जवळजवळ पुसले गेले. त्यातले एक जो टॉम्सन, रॉलीहून तासाभरावरच्या मेबनचे. ऐंशी ओलांडली तरी वाजवत होते. २००५ नंतर तीन तरुण त्यांच्या घरी दर आठवड्याला जाऊन बसायला लागले आणि त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' उभा राहिला. रिॲनन गिडन्स त्यातलीच.

आता या पोरांनी काय केलं ते बघा. एकीकडे जो टॉम्सनच्या धुना जशाच्या तशा, मान खाली घालून शिकलेल्या. दुसरीकडे 'हिट एम अप स्टाइल' हे २००१ चं आर अँड बी गाणं फिडलवर घेतलं, आणि ठेक्याला तोंडाने काढलेला बीटबॉक्स. दोन्ही एकाच अल्बमवर. त्याच अल्बमला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, आणि तेही 'पारंपरिक लोकसंगीत' या विभागात. बीटबॉक्स धरून पारंपरिक.

२०२५ च्या एप्रिलमध्ये डरहॅमला गिडन्सने 'बिस्किट्स अँड बँजोज' हा महोत्सव भरवला, त्यात ही मंडळी पुन्हा एकत्र वाजवायला आली. मी होते तिथे. हाडांचे दोन तुकडे बोटांत धरून ठेका धरणारं माणूस होतं आणि फिडल पाहिजे तेवढं ऐकू येत होतं.

म्हणून विचारते, परंपरेचं घड्याळ १९४६ वरच का थांबवायचं? थांबवायचंच तर थोडं मागे घ्या. तिथे ठेका भेटेल.

कोपरा_नं_३

दंडवत. पण धागा ब्लूग्रासबद्दल आहे. तुम्ही सांगताय ती त्याआधीची जुनी स्ट्रिंग बँड परंपरा. त्यात सगळे मिळून एकच धून वाजवत राहतात, ब्लूग्रासमध्ये एकेक जण पुढे येऊन ब्रेक घेतो. गल्लत नको.

नदीकाठ

मग धागाकर्त्याने टॉमी जॅरेलना साक्षीला कशाला बोलावलं? तेही ब्लूग्रासवाले नव्हते. साक्षीदार त्या गावचा चालतो, आरोपी मात्र नाही?

रॉलीकर (धागाकर्ता)

जॅरेलचं नाव मी फिडलच्या सुरासाठी घेतलं आणि ते तिथे लागू आहे. नदीकाठ यांनी दिलेल्या इतिहासातलं काहीही मी नाकारत नाही. बँजो कुणाचा यावर माझं वेगळं मत असण्याचा प्रश्नच नाही. पण हाडं, पायाने दिलेला ठोका, बीटबॉक्स यांत आणि ड्रमसेटमध्ये फरक आवाजाच्या आकाराचा आहे. बीटबॉक्स करणारा श्वास घ्यायला थांबतो. ड्रमसेटला आठ माईक लागतात आणि एकदा ते लागले की साउंडवाला सगळ्यांचा आवाज त्याच्या मापाने वर घेतो. फिडलला मग पोटाखाली पिकअप (वाद्याचा कंप विजेच्या आवाजात बदलणारा तुकडा) चिकटवावा लागतो, आणि पिकअपमधून येणारा आवाज लाकडाचा राहत नाही. फ्लॅट-स्क्रग्जच्या काळात सगळे एका माईकभोवती उभे राहायचे. ज्याचा ब्रेक तो खांदा पुढे घालून माईकपाशी, बाकीचे अर्धं पाऊल मागे. डेल मॅकूरीच्या बँडने ते नव्वदच्या दशकात पुन्हा आणलं. तिथे आवाजाचं मिश्रण वादकांच्या पायांत असतं. माझी तक्रार अशी अगदी कारागिरीची आहे, जात-रंगाची नाही.

हिशेबनीस

सगळे थोर बोलतायत, पैशाचं कुणी बोलेना.

ब्लूग्रास बँडमध्ये पाच माणसं, एक व्हॅन, आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम. बसून ऐकणारे श्रोते प्रेमळ, पण केस पांढरे झालेले. बियर विकणाऱ्या जागेच्या मालकाला उभं राहून नाचणारे लोक हवे असतात. ड्रम तिथून येतो. रॉलीत २०१३ ते २०२४ आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा महोत्सव भरायचा. फेएटव्हिल स्ट्रीटवर फुकट मंच असायचे, तिथे गर्दी कुठे जास्त जमते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं कळेल. आता तोही टेनेसीत चॅटनूगाला गेला.

गँगस्टाग्रास घ्या, ब्रुकलिनहून निघालेलं रॅप आणि ब्लूग्रासचं कडबोळं. २०१० मध्ये 'जस्टिफाइड' मालिकेचं शीर्षकगीत मिळालं, एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं. कडबोळं मला आवडत नाही, पण त्यांच्या बँजो-फिडलवाल्यांना त्यातून काम मिळतंय ना? शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी महिन्याच्या एक तारखेला फिडलवाल्याचं घरभाडं भरावं, मग बोलावं.

कोपरा_नं_३

हिशेब अर्धाच मांडलात. 'न्यू ग्रास रिव्हायव्हल' हा बँड १९७१ पासून मिसळत होता. सॅम बुश, पुढे जॉन कावन आणि बेला फ्लेक. लांब केस, इलेक्ट्रिक बास, रॉक, रेगे सगळं. अठरा वर्षं हिंडले आणि १९८९ च्या ३१ डिसेंबरला ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी वाजवून बँड बंद केला. मिसळलं की पोट भरतं असा काही नियम नाही. उलट राल्फ स्टॅन्ली शेवटपर्यंत आपलंच गात राहिले आणि सत्तरीनंतर त्यांना जगाने डोक्यावर घेतलं.

हिशेबनीस

सत्तरीनंतर! तोवर काय खायचं तेही लिहा.

चहाबाज

एक प्रश्न. बेला फ्लेक, एडगर मेयर, झाकीर हुसेन आणि राकेश चौरसिया यांचा 'ॲज वी स्पीक' (२०२३) कुणी ऐकला नाही का? फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळाली. झाकीरभाई त्याच वर्षी डिसेंबरात गेले, त्यामुळे मला तो आता सलग ऐकवत नाही, ते सोडा. पण तालवाद्य आणि बँजो एकत्र कसे नांदतात ते तिथे कळतं. तबला सुरात लावलेला असतो. बँजोचा सूर टण्कन उठतो आणि लगेच विरतो, त्या विरण्याच्या जागी बायाँची मींड येऊन बसते. बासरी वरून लांब श्वास घेते. माहीमचा तबला आणि न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला बँजो, पण कुणी कुणाच्या पायात येत नाही. फ्लेकने १९९६ मध्येच विश्वमोहन भट यांच्याबरोबर 'टॅब्युला रासा' केला होता, तेव्हा हा एकदम सुचलेला प्रकार नाही. माझ्या मते तालवाद्य हवं की नको हा प्रश्नच नाही, वाजवणारा ऐकतो की नाही हा आहे.

गजवेल

+१. फक्त त्यात फिडल नाही. गजाने वाजणारं एकच वाद्य आहे, मेयरचा डबल बास. फिडल आणि तबला हवं असेल तर वेगळं शोधावं लागेल.

आणि खरं सांगू का, हे चौघं वाजवतात ते मैफलीचं संगीत. समोर हजार माणसं हाताची घडी घालून बसलेली. लोकसंगीतात शेजारच्या दुकानदारालाही येऊन बसता आलं पाहिजे. झाकीरजींशेजारी कोण बसणार?

माऊची_आई

इतके दिवस नुसती वाचत होते. आम्ही डोंगराकडे, व्हर्जिनियाच्या सीमेजवळ राहतो. इथल्या बऱ्याच गावांत शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो, गिटार शिकवतात. 'ज्युनिअर ॲपलेचियन म्युझिशियन्स' नावाचा उपक्रम आहे, २००० साली नॉर्थ कॅरोलायनाच्या ॲलेगनी काउंटीत सुरू झाला. नोटेशन नाही, सगळं कानाने. लेक फिडलला जाते.

घरी आली की ती फोनवर बीट लावते आणि त्यावर शिकवलेली धून वाजवते. सुरुवातीला मी खूश होते, लय पक्की होईल म्हणून. पण झालं उलटंच. वर्गात बीट नसताना तिची लय पळायला लागली, आणि शफल नुसताच हात हलवल्यासारखा येऊ लागला, वजनच नाही. शिकवणाऱ्या आजोबांनी फोनला नाही म्हटलं नाही. त्यांनी तिला खुर्चीत बसवून दोन्ही पायांनी ठेका द्यायला लावला, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि मग फिडल हातात दिलं. आता फोनवरचा बीट तिलाच आवडेनासा झालाय, म्हणते तो माझ्यासाठी थांबत नाही.

धागाकर्त्याचं म्हणणं मला इथे पटतं. पण तिच्याच वर्गातली मोठी मुलं हिप-हॉपवर चॉप करतात आणि झकास करतात, कारण त्यांचा हात आधी बसलेला आहे.

डावखुरी

म्हणजे आधी हात बसू द्या, मग काय वाट्टेल ते करा. याला माझी काहीच हरकत नाही, पण हे धाग्याच्या शीर्षकात बसत नाही. रॉलीकर, सॅम बुशबद्दल काय म्हणाल? आयडाहोतल्या वायझरच्या फिडल स्पर्धेत किशोर गटात तीनदा राष्ट्रीय विजेता. हात बसलेला आहे ना? १९७५ पासून दर वर्षी टेल्युराइडच्या ब्लूग्रास महोत्सवात वाजवतो आणि त्याच्या आताच्या बँडमध्ये ड्रमर आहे. फिडल शोभेला वाटतं का?

आणि अवांतर: आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत. कारण काय? श्रुती बुजतात. तुमचा कीबोर्डचा मुद्दा शब्दशः तोच. पेटी गेली का? सूर गेले का?

रॉलीकर (धागाकर्ता)

पेटीने काहीच बुजवलं नाही असं म्हणणाऱ्या सारंगीवाल्याला मी अजून भेटलेलो नाही. सारंगी साथीला किती ठिकाणी उरली ते मोजा, मग बोलू.

सॅम बुश बँड चालवतो. ड्रमरला किती वाजवायचं ते तो ठरवतो. ज्या पोरीचं मी वर लिहिलं ती बँड चालवत नव्हती. तिच्या मानधनाचा आणि आवाजाचा निर्णय मागे बसलेल्या दोघांच्या हातात होता. हा फरक मला मोठा वाटतो.

डावखुरी

मग ही तक्रार ड्रमरची झाली, ड्रमची नाही. चला, मैदान जरा लहान झालं.

मी पुढच्या महिन्यात रॉलीत आहे. तुमच्या जॅमला कहॉन घेऊन येते, नुसती लाकडी पेटी, वीज नाही, माईक नाही, कातडंही नाही. बसू देता का?

रॉलीकर (धागाकर्ता)

तालवाद्य आणू नये असा जॅमचा नियमच आहे, मी केलेला नाही. पण मागच्या पार्किंगमध्ये दुसरं वर्तुळ बसतं, तिथे कुणी अडवत नाही. त्यात परवा एकाने वॉशबोर्ड (कपडे घासायची खाचांची फळी, ठेक्यासाठी) आणला होता. आधी तिथे बसा. मी फिडल घेऊन येतो. माझा शफल तुमच्या खोक्याखाली गेला तर मधेच थांबेन, सांगून ठेवतो.

गजवेल

मीपण येते. चॉप मी करीन, मग खोक्याची गरज कुणाला वाटते ते बघू.